बारा वाजताचा आकडा

रविवार, ३ ऑगस्ट

आज मिस्सा सुटल्यावर फादरना गाठलं आणि विचारलं, एखादी गोष्ट नुसती न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच का. ते घाईत होते. बाप्तिस्म्याची तीन मुलं दारात रडत होती. म्हणाले, "एव्हेनोर, जे तोंडातून निघत नाही ते आधी कागदावर काढ. मग माझ्याकडे ये." म्हणून माझ्या मुलीच्या, इलियानाच्या जुन्या वहीची उरलेली पानं घेऊन बसलो आहे. गावच्या शाळेत मी चारच वर्षं गेलो, पण बाईंनी अक्षर घोटून घेतलं होतं. ते अजून साथ देतं.

गोष्ट अशी. बुधवारी इलियानाच्या मोबाइलवर एस्तेली शहरातून फोन आला. तिथल्या एका मोठ्या सिगार कारखान्याला तंबाखूच्या राशी सांभाळायला माणूस हवा आहे. एक बाई बोलत होत्या. चौदा तारखेला, गुरुवारी, सकाळी दहाला या, तुमचा हात बघायचा आहे, म्हणाल्या. मी जूनपासून दोन ठिकाणी कामासाठी निरोप ठेवले होते, पण या कारखान्यात कुणाजवळ शब्दही टाकला नव्हता. माझं नाव कुणी सांगितलं, असं विचारलं तर त्या हसल्या. तुमच्या कोंदेगा गावात तुमच्या हाताबद्दल चांगलं बोलणारी माणसं आहेत, एवढंच म्हणाल्या. ज्याने त्यांना सांगितलं, तो उद्या कोम्पाद्रेंनाही सांगेल.

कोम्पाद्रे म्हणजे माझे मालक, उबाल्दो रिवास. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या इलियानाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं. तोपर्यंत ते मला "अरे एव्हेनोर" म्हणत. त्या दिवशी चर्चच्या पायरीवरच "अहो कोम्पाद्रे" म्हणाले आणि त्यानंतर एकदाही चुकले नाहीत. धर्माने बांधलेलं हे नातं रक्ताच्या वरचं. भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी नाही. त्याला कामावरून काढता येत नाही, आणि त्याचं काम सोडून दुसऱ्याच्या दारात उभंही राहता येत नाही. निदान मी तरी असं केलेला माणूस पाहिलेला नाही.

मग जायचं कशाला? मी कामाला आलो तेव्हा कोम्पाद्रेंच्या शेडमध्ये तंबाखूच्या अकरा राशी होत्या. आज तीन आहेत. आणि इलियाना स्पेनला जायचं म्हणते, परक्यांच्या म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायला. तिची मावसबहीण गेली आहे तशी. पासपोर्टचा अर्ज ट्रंकेत आहे. एस्तेलीचं काम मिळालं तर ती तिथेच नर्सिंगला जाईल, दोघं एकाच बसने जाऊ-येऊ. या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबते, असं तिने मला सांगितलं आहे.

कारखान्याची एक रीत आहे. जुन्या मालकाचं पत्र आल्याशिवाय ते माणूस घेत नाहीत. म्हणजे कधी ना कधी सांगणं आलंच. प्रश्न एवढाच, आत्ता सांगायचं की नक्की झाल्यावर. आत्ता सांगितलं आणि तिथे नाही म्हणाले, तर तेलही गेलं आणि तूपही गेलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज सांगणार होतो. कॉफीच्या वेळी कोम्पाद्रे एकटेच बाकावर बसले होते. मी समोर उभा राहिलो, टोपी काढली, आणि म्हणालो की पूर्वेकडचा पत्रा गळतोय.

ते वर बघत म्हणाले, "पत्रा तर गेल्या वर्षीपासून गळतोय." मग थोड्या वेळाने, काही संबंध नसताना, विचारलं, "तुम्हाला बस लागते का हो? म्हणजे रोज एस्तेलीपर्यंत जावं लागलं तर त्रास होईल?"

नाही, म्हणालो, बस लागत नाही. "बरं असतं ते," म्हणाले आणि उठले.

त्यांना काहीतरी कळलं आहे. एवढं सरळ कोण विचारतं?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मीर्नाला विचारलं. माझी बायको सहसा पटकन मत देते, पण यावेळी तिने आधी सगळी भाकरी थापून घेतली. मग म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं. त्यांना काही ठाऊक नाही. आणि सांगू नकोस. नोकरी हातात आली की मग जा, पाया पड, हवं तर रड."

इलियाना म्हणाली, "पापा, ते माझे पाद्रीनो आहेत, धर्मपिता. तुला जमत नसेल तर मी सांगते." मी तिला गप्प केलं. तिच्या तोंडून कळणं म्हणजे तर फारच वाईट.

मग गुरुवारची रजा कशी मागायची हे ठरवलं. इलियानाची दाढ. एस्तेलीला दाढ काढायला न्यायची आहे, बारापर्यंत परत येतो. हे मीर्नाने सुचवलं. मी हो म्हटलं, हे माझं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

रजा मागितली. कोम्पाद्रे तंबाखूची जुडी हातात घेऊन तिचा वास घेत होते. त्यांनी ती सावकाश खाली ठेवली.

"दाढ?"

"हो. डावीकडची."

"मग जायलाच हवं." आणि मी वळलो तेव्हा मागून म्हणाले, "इस्त्रीचा पांढरा शर्ट घाला. शहरात शर्ट बघून माणूस तपासतात."

दाताच्या डॉक्टरला माझ्या शर्टाशी काय करायचंय, हे मला अजून कळलेलं नाही. पण घालीन.

मधल्या राशीची काळजी वाटते. आज संध्याकाळी त्रेचाळीस अंश.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आजचं नीट क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला शेडवर गेलो. मधल्या राशीत पंचेचाळीस. जुड्या एकावर एक रचून छातीएवढी रास केली की ती आतून आपोआप तापते. तापायलाच हवी, त्यातूनच पानाला रंग आणि वास येतो. पण पन्नासच्या पुढे गेली आणि तशीच राहिली की आतलं पान जळतं, काळं पडतं, हातात चुरा होतो. म्हणून पंचेचाळीस झालं की त्या दिवशी रास उघडायची, वाफ सोडायची. सहाला, बाराला आणि पाचला दांडीचा थर्मामीटर आत खुपसायचा आणि आकडा राशीच्या कार्डावर लिहायचा. कार्ड खरं असेल तरच रास वाचते. हे मला कोम्पाद्रेंच्या वडिलांनी शिकवलं.

आज ती रास उघडायला हवी होती. उघडली असती तर बस चुकली असती. मी गोणपाट सारखं केलं आणि स्वतःशी म्हटलं, बारापर्यंत अठ्ठेचाळीस होईल, तेवढं सोसेल. क्रुसाची खूण केली आणि निघालो.

कारखान्यात त्या बाईंनी चार राशींत हात घालायला लावला. मी आकडे सांगितले, त्यांनी थर्मामीटरने पडताळले. एकदाच एका अंशाने चुकलो. मग त्यांनी विचारलं, "रास बिघडली तर तुम्ही मालकाला सांगता का?" मी म्हणालो, सांगतो. त्या क्षणी मला माझी मधली रास दिसली. त्यांनी बराच वेळ बसवून घेतलं, कागद भरले. आठवड्यात कळवतो, पत्र आलं की, म्हणाल्या. त्यांना पत्राबद्दल मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

बस दीडला सुटली आणि पुलाजवळ बंद पडली. रस्त्याच्या कडेला बसून मी मारियामातेला म्हटलं, ती रास वाचव, उद्या तुझा स्वर्गारोहणाचा सण आहे, मी टेकडीवरच्या तुझ्या देवळात अनवाणी येईन. इतकी भीती मला इलियानाच्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती. ती रास म्हणजे एका शेतकऱ्याचं अख्खं वर्ष आणि कोम्पाद्रेंच्या तीन राशींतली एक.

साडेचारला पोचलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. थर्मामीटर खुपसला आणि मोजून पाच मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो.

त्रेचाळीस.

पुन्हा खुपसला, दुसऱ्या बाजूने. त्रेचाळीस. रास आपोआप उतरत नाही. बावीस वर्षांत मी उतरलेली पाहिलेली नाही. मी तिथेच गुडघे टेकले.

गोणपाटाची घडी मी करतो तशी नव्हती, पण सकाळी घाईत होतो, तेव्हा कशी केली कोण जाणे.

मग कार्ड हातात घेतलं. बाराचा रकाना रिकामा होता. मी मनाने लिहिलं: पंचेचाळीस. एवढी मोठी कृपा झाल्यावर लगेच खोटं लिहिलं. माझ्या हाताला लाज वाटली असेल, कारण आकडा वाकडा आला.

सोइला, आमची पानं निवडणारी म्हातारी, निघायच्या तयारीत होती. कोम्पाद्रे दुपारी आले होते का, म्हणून सहज विचारलं. म्हणाली, "मी माझ्या पानांत होते बाबा. कोण आलं, कोण गेलं, ते बघायला मी काय फाटकावरची कुत्री आहे?" आणि दंड चोळत निघून गेली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सण. चर्च भरलं होतं. कोम्पाद्रे कमरेवर हात ठेवून, वाकून आले. मीर्नाने विचारलं तर म्हणाले, पलंग जुना झालाय. सोइला मागून म्हणाली, "पलंग नाही, वय." दोघं हसली. मला त्यात हसण्यासारखं काय ते समजलं नाही.

कोम्पाद्रेंच्या डोळ्यांवर नेहमीचा चष्मा नव्हता. गाण्याचं पुस्तक हात लांब करून धरलं होतं, तरी ओळी चुकत होत्या. काल कुठेतरी पडला म्हणे. सगळं घर शोधलं.

मग इलियाना समोर आली. तिला आधी काही सुचेना, मग तिने गालावर हात ठेवला. उजव्या. मी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा हात डावीकडे नेला. कोम्पाद्रेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि चावायचं नाही म्हणून बजावलं.

दुपारी त्यांच्या घरून मक्याच्या खिरीचं भांडं आलं. निरोप होता: डावीकडच्या दाढेसाठी, आणि उजवीकडच्यासाठीही पुरेल.

बिचाऱ्यांना नीट ऐकू आलं नसावं. खीर इलियानाने मिटक्या मारत खाल्ली. मला एक घासही गेला नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

आज जे झालं त्यानंतर मला शेडमध्ये जायची भीती वाटू लागली आहे.

कोम्पाद्रे सकाळी आले, मधल्या राशीचं कार्ड काढलं, दूर धरलं, जवळ धरलं. "मला काही दिसत नाही. तुम्हीच वाचा. गुरुवारचं."

मी वाचलं. "सहाला पंचेचाळीस."

"बाराला?"

सोइलाचे हात थांबले होते. बाहेर कुणीतरी बैल हाकत होतं, तो आवाज संपेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "पंचेचाळीस."

"पंचेचाळीस," ते म्हणाले. "बरं." आणि कार्ड परत खिळ्याला अडकवलं. रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना राशीवर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात.

लिहिणं वेगळं आणि त्यांच्या तोंडावर बोलणं वेगळं. कारखान्यातल्या बाईंच्या प्रश्नाला मी, मालकाला सांगतो, म्हणालो होतो.

बुधवार, २० ऑगस्ट

कारखान्याचा फोन नाही. उद्या आठवडा होईल.

आज कोम्पाद्रे बाकावर कागद-पेन घेऊन बसले होते. चेहरा कागदाला लागेल इतके वाकले होते. मी जवळ गेलो तर कागदावर तळवा ठेवला. मी म्हणालो, काही लिहायचं असेल तर सांगा, मी लिहून देतो. पूर्वी वीजबिलाचे, पंचायतीचे सगळे अर्ज मीच लिहिलेले आहेत.

"तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते खरं," म्हणाले. "पण हे पत्र तुमच्याकडून लिहून घेता येणार नाही. आणि गावात दुसऱ्या कुणाकडूनही नाही."

कागदाची घडी करून खिशात ठेवली. नवा चष्मा यायला महिना लागेल म्हणून कुरकुरले. सोइलाला लिहिता येत असतं तर किती बरं झालं असतं, म्हणाले. सोइला म्हणाली, लिहिता येत असतं तर तुमच्या शेडमध्ये कशाला बसले असते.

माझ्याकडून लिहून घेता येणार नाही असं पत्र एकच असतं. ज्यात माझं नाव असतं. बावीस वर्षांनंतर मला काढायचं म्हणून त्यांनी कागद झाकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना दोष देत नाही. खोटं कार्ड लिहिणाऱ्या माणसाला कुणी ठेवू नये, कोम्पाद्रे असला तरी.

शनिवार, २३ ऑगस्ट

दोन दिवस लिहिलं नाही. पेन हातात धरवत नव्हतं.

फोन नाही. इलियानाने ट्रंकेतून अर्ज काढून भरला. फोटोही काढून आणला. केस मागे बांधून, न हसता, कायद्याला हवा तसा. मीर्नाने तो टेबलावर ठेवलेला पाहिला आणि त्यावर टॉवेल टाकला. आता इथलं काम जाईल, तिथलं मिळायचं नाही, आणि मुलगीही जाईल. तिन्ही गोष्टी एका न सांगितलेल्या वाक्यामुळे.

कधी वाटतं, पाच तारखेला पत्र्याऐवजी तेच बोललो असतो तर काय बिघडलं असतं. ते रागावले असते. मग? राग दिसतो तरी. मी जे करून बसलो ते दिसतही नाही आणि आतून तापत जातं.

मारियामातेला दिलेला शब्दही राहिला आहे. टेकडीवर अजून गेलो नाही. अनवाणी जायची भीती नाही. तिच्यासमोर उभं राहायची आहे.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज मधली रास पूर्ण उतरवून पुन्हा रचायची होती. सोइला आणि मी सकाळपासून लागलो. वरच्या जुड्या खाली, आतल्या बाहेर. पान सुंदर उतरलं आहे, भिजल्या मातीसारखा रंग. मधोमध पोचलो, जिथे सगळ्यात जास्त ऊब असते. जुडी उचलली आणि हाताला काहीतरी टणक लागलं.

चष्मा. एका दांडीला काळा दोरा गुंडाळलेला. काचांवर तंबाखूचा तपकिरी थर.

राशीच्या मधोमध चष्मा वरून पडत नाही. तिथवर पोचायला रास अर्धी उतरवावी लागते. दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक वाकलेलं असावं लागतं.

मी सोइलाकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "जपमाळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती रे मला. माझे दंड अजून दुखतात."

किती तरी वेळ मी चष्मा हातात घेऊन जुड्यांवर बसून राहिलो. गोणपाटाची घडी. कंबर. दंड चोळणारी म्हातारी. पांढरा शर्ट. बस लागते का. एकेक गोष्ट येऊन समोर उभी राहत होती, आणि मी बारा दिवस त्यांच्यामधून आंधळ्यासारखा फिरत होतो. एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. सोमवारी त्यांनी मला आकडा वाचायला लावला, तेव्हा त्यांना तो ठाऊक होता.

आणखी भीती वाटायला हवी होती. वाटलीच. पण ती वेगळी होती. आता पळायला जागा नव्हती म्हणून असेल, पाय आपोआप निघाले.

ते घराच्या ओसरीवर होते. मी चष्मा सदऱ्याने पुसला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, वास घेतला, आणि डोळ्यांवर चढवला नाही. वाट बघत राहिले.

मी बसमध्ये, अंथरुणात, चर्चमध्ये जी वाक्यं रचली होती त्यातलं एकही आठवेना. जे आलं ते हे:

"गुरुवारी बाराला किती होतं, कोम्पाद्रे?"

"त्रेपन्न."

"मी पंचेचाळीस लिहिलं."

"वाचून दाखवलंत तुम्ही मला."

मग मी सगळं सांगितलं. दाढ खोटी. मी एस्तेलीला दुसरं काम मागायला गेलो होतो. जूनपासून शोधतोय. रास तापणार हे माहीत असून सोडून गेलो. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती, आजही चष्मा सापडला नसता तर झाली नसती. हे शेवटचं बोलायला सगळ्यात जड गेलं, पण ते खरं होतं.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हणाले, बघा. कागदावर तीन ओळी होत्या, एकमेकींवर चढलेल्या, उजवीकडे घसरत गेलेल्या. वर त्या कारखान्याचं नाव. तारीख वीस ऑगस्ट. वाचता येत होतं ते एवढंच: एव्हेनोर सेलेदोन हा मनुष्य.

"त्या बाईंना मी जुलैमध्येच सांगितलं होतं तुमच्याबद्दल," म्हणाले. "पत्र तेवढं राहिलं. चष्म्याविना लिहिता येईना. दुसऱ्याकडून लिहून घ्यावं तर गावभर झालं असतं की उबाल्दो कोम्पाद्रेला घालवतोय. ऑक्टोबरमध्ये या तीन राशी गेल्या की शेड बंद करतोय मी. पण तुम्हाला जा कसं म्हणणार? म्हटलं, तुम्हीच येऊन सांगाल. रोज वाट बघत होतो. तुम्ही पत्र्याचं बोललात."

मी त्यांच्या पायाशी वाकलो, त्यांनी दंडाला धरून उठवलं. मग त्यांचा आवाज बदलला.

"जाण्याचं मला काही वाटलं नाही, कोम्पाद्रे. आकड्याचं वाटलं. फार वाटलं. सोमवारी तुम्ही वाचत होतात तेव्हा मी मनात म्हणत होतो, थांब, थांब." त्यांनी चष्मा चढवला. काचा डागाळलेल्याच होत्या. "पत्रात मी लिहिणार होतो की हा माणूस कधी खोटं कार्ड लिहीत नाही. आता ते वाक्य कसं लिहू, सांगा."

मी टोपी उचलली.

मी निघालो तेव्हा कोम्पाद्रे फाटकापर्यंत आले. इलियानाची दाढ कशी आहे, म्हणून विचारलं. मी म्हणालो, दोन्ही बाजूंच्या बऱ्या आहेत.

रविवार, ३१ ऑगस्ट

शुक्रवारी फादरना विचारलं, तो चमत्कार नव्हता, माणसाने केलेलं काम होतं, तर नवस फेडायचा का.

"रास उतरली ना?"

"उतरली."

"मग जोडे काढ."

काल पहाटे टेकडी चढलो. पावसाने दगड निसरडे झाले होते, टाच फुटली. मातेसमोर उभा राहिलो तेव्हा मागण्यासारखं काही आठवलं नाही.

खाली आल्यावर तसाच शेडवर गेलो. मधल्या राशीचं कार्ड खिळ्यावरून काढलं. चौदा तारखेच्या बाराच्या रकान्यात पंचेचाळीसवर एक रेघ मारली. खोडलं नाही; वाचता यायला हवं. शेजारी त्रेपन्न लिहिलं, आणि पुढे, मी हजर नव्हतो. कोम्पाद्रेंना नेऊन दिलं.

त्यांनी ते चष्म्यातून वाचलं. दोनदा. मग आत गेले आणि पाकीट घेऊन आले. उघडंच होतं, चिकटवलेलं नव्हतं. वाचायचं की नाही ते माझ्यावर होतं. मी वाचलं.

माझ्या हाताबद्दल तीन ओळी आहेत. बावीस वर्षांबद्दल एक. शेवटची ओळ अशी: हा मनुष्य एकदा खोटं कार्ड लिहिताना मला सापडला, आणि ते त्याने स्वतः दुरुस्त केलं. याहून अधिक खात्री मी कोणाबद्दलही देऊ शकत नाही.

उद्या पत्र घेऊन एस्तेलीला जातोय; ते वाचून बाई मला घेतील की नाही, ठाऊक नाही. मीर्ना म्हणते, ती ओळ फाडून टाक. इलियानाने पासपोर्टचा अर्ज अजून टाकलेला नाही, टॉवेलखालीच आहे. तिने मला महिन्याची मुदत दिली होती आणि महिना आज संपतो. सकाळी म्हणाली, उद्याच्या बसमध्ये माझ्यासाठी पण जागा धर, पापा.

पाकीट वहीच्या वर ठेवलं आहे. भीती आहेच. पण हात घालून पाहिला तर आज ती फार तर चाळीस अंश भरेल.